शिक्षक होण्याचा खर्च कोण उचलतो?

बीड जिल्ह्यात कुणी ‘पोरगी बी.एड.ला लागली’ म्हणून सांगितलं, तर ऐकणारा कॉलेजचं नाव नंतर विचारतो. त्याचा पहिला प्रश्न असतो, “राउंडला लागली का मॅनेजमेंटमधून?” सीईटी देऊन केंद्रीय प्रवेश फेरीत नंबर लागला असेल तर सरकारी सवलतीची वाट मोकळी होते. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला असेल तर बहुतेक शिष्यवृत्त्यांचं दार तिथंच लागतं. हा विषय इथं इतका घराघरात पोचलाय की त्याची परिभाषाही सगळ्यांना पाठ आहे: नॉन-क्रिमीलेअर, व्हॅलिडिटी, फ्रीशिप, ईबीसी, आधार सीडिंग.

डी.एल.एड., बी.एड. आणि त्यापुढचं एम.ए.-पीएच.डी. यांचा खर्च सरकारनं, बँकेनं की घरानं करायचा, हा वाद जुना आहे. पण गेल्या दहाएक वर्षांत तो ‘फी माफ करा’ या मागणीच्या पुढं सरकलाय. त्याचा आढावा घ्यायला बीड बरं, कारण इथं शिक्षकाची नोकरी अजूनही ऊसतोडीतून सुटण्याचा ओळखीचा रस्ता मानली जाते, आणि त्या रस्त्याचा टोलही अनेकदा ऊसतोडीतूनच भरला जातो.

पूर्वी शिकताना पैसे मिळत

आज शिक्षक व्हायला पैसे भरावे लागतात. एके काळी उलट होतं. मुंबई इलाख्यातल्या ट्रेनिंग कॉलेजांत भावी मास्तरांना विद्यावेतन मिळे. फायनल पास झालेला खेड्यातला मुलगा ट्रेनिंगला जाऊ शकायचा तो त्या जोरावर. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९३५ साली साताऱ्यात ग्रामीण शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढलं आणि ‘कमवा व शिका’ची दिशा दाखवली, ती पुढं विद्यापीठांनीही उचलली.

बीडच्या वाट्याला हे आलं नाही. जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू होतं. मराठीतून शिकायचं तर अंबाजोगाईच्या योगेश्वरीसारख्या खासगी राष्ट्रीय शाळांचा आधार. स्वामी रामानंद तीर्थ त्याच शाळेत शिकवत होते. मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते १९५८ मध्ये. म्हणजे पदवी आणि त्यापुढचं शिक्षण इथं उशिरा आलं, आणि ते येता येता सरकारचा हात आखडायला लागला होता.

मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या, ज्यांचा उल्लेख आजच्या चर्चेत फारसा होत नाही. यशवंतराव चव्हाणांच्या काळात, १९६०च्या आसपास, वर्षाला बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलांना फी माफ झाली; ‘ईबीसी’ हा शब्द तेव्हापासून आपल्या तोंडी आहे. दुसरी गोष्ट कोठारी आयोगाची (१९६४-६६). शिक्षक-प्रशिक्षण संस्थांमधली शिकवणी फी पूर्ण रद्द करावी आणि विद्यावेतन व कर्जाची सढळ सोय करावी, अशी त्याची शिफारस होती. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडचे, खेड्यातल्या शिक्षणाची नस ओळखणारे. ही शिफारस अमलात आली नाही. पुढं १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी दिली आणि राज्याचा प्रवास उलट्या दिशेनं सुरू झाला. १९८७चा कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा हा त्याच धोरणाला लागलीच घालावा लागलेला लगाम.

२००० साली शिक्षणसेवक योजना आली, सर्व शिक्षा अभियानाच्या शाळा वाढल्या, आणि डी.एड.ला (आताचं डी.एल.एड.) सोन्याचा भाव आला. बारावीनंतर दोन वर्षं, की नोकरी. जमिनीचा तुकडा गहाण टाकून डी.एड. केलेले आणि दोन वर्षांत तो सोडवून घेतलेले शिक्षक मराठवाड्यात आजही भेटतात. कॉलेजं इतकी निघाली की महाराष्ट्रातल्या डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्यातून न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला. आयोगाचा अहवाल २०१२चा. त्याच वर्षी, २ मे रोजी, राज्यानं शिक्षकभरती थांबवली. त्याआधी ऑक्टोबर २०११च्या पटपडताळणीत कागदावरची मुलं उघडी पडली होती. डी.एड.चा बाजार बसला, कॉलेजं बंद पडत गेली. आधीच शिकून बसलेल्यांचं काय, हा प्रश्न तेव्हापासून उघडा आहे.

आज नेमकं काय मिळतं

कागदावर बरंच. अनुसूचित जातींसाठी केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे; डॉ. आंबेडकरांच्या पुढाकारानं १९४४ मध्ये सुरू झालेली. आज तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे. इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गांसाठी राज्याच्या वेगळ्या योजना आहेत. बीडमध्ये वंजारी समाज भटक्या जमाती ‘ड’ मध्ये येतो, त्यामुळं या योजनांचा आवाका इथं मोठा आहे. खुल्या प्रवर्गातल्या आठ लाखांच्या आतल्या कुटुंबांना राजर्षी शाहू महाराज योजनेतून निम्मी शिकवणी फी. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयानं केंद्रीय फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला आलेल्या, आठ लाखांच्या आतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिकवणी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. मराठा आरक्षणाच्या आंदोलनाचं एक केंद्र असलेल्या या जिल्ह्यात कुणबी दाखला घ्यावा, एसईबीसीत राहावं की ईडब्ल्यूएसमध्ये, याचा हिशेब नोकरीइतकाच फीच्या अंगानंही मांडला जातो.

फीच्या बाहेरच्या खर्चासाठी अनुसूचित जातींना स्वाधार, ओबीसी-भटक्यांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार, अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. आधार योजनेची मर्यादा जिल्ह्याला सहाशे विद्यार्थ्यांची ठेवली गेली. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावानं ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं मंजूर झाली.

शिकवणी फी या सगळ्यात सर्वांत जास्त झाकली गेलेली आहे. उघडं राहतं ते खोलीचं भाडं, मेस, एसटीचा पास, पाठनियोजनाच्या वह्या, तक्ते, शैक्षणिक साधनं, प्रोजेक्टची छपाई आणि ‘इतर शुल्क’ नावाची ती ओळ, जी पावतीवर येते तेव्हा तिच्यात काय काय आहे हे विचारायचा धीर फार थोड्यांना होतो. २०१५ मध्ये बी.एड. एक वर्षाचं दोन वर्षांचं झालं, तेव्हा हा उघडा भाग दुप्पट झाला.

दोन वेळापत्रकं

चर्चेत सर्वांत कमी बोललं जाणारं अंग वेळेचं आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

प्रवेशाच्या फेऱ्या पावसाळ्यात चालतात. ऊसतोडीच्या मुकादमाकडून ‘उचल’ही त्याच दिवसांत घेतली जाते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्या कोयत्यावर आगाऊ रक्कम उचलायची आणि दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाऊन ती फेडायची. कॉलेजला प्रवेशाच्या दिवशी जे भरावं लागतं, खोलीचं डिपॉझिट, पहिल्या महिन्याची मेस, हे बऱ्याच घरांत त्या उचलीतून जातं. शिष्यवृत्तीची रक्कम येते ती वर्षाच्या शेवटाकडं, कधी पुढच्या वर्षात. मधले महिने कुणी सांभाळले? मुकादमाच्या पैशानं. बीडमधलं सर्वांत चालू शैक्षणिक कर्ज कुठल्या बँकेच्या वहीत नाही, ते मुकादमाच्या वहीत आहे, आणि शिक्षणावरच्या कर्जाच्या कोणत्याच आकडेवारीत ते मोजलं जात नाही.

हिशेब करून पाहू. जानेवारी २०२४च्या करारानं ऊसतोडीचा दर टनाला ३६६ रुपयांच्या घरात गेला. समजा, वर्षाच्या सुरुवातीला मुलीसाठी वीस हजार लागले. म्हणजे जवळपास ५५ टन ऊस. एक जोडी दिवसाला दीड-दोन टन तोडते, मोळ्या बांधते, भरते. म्हणजे मुलीचे वीस हजार म्हणजे आईबापाचा पुरता महिना. हंगाम साधारण पाच-सहा महिन्यांचा. पाऊस लांबला, कारखाना लवकर बंद झाला, कुणी आजारी पडलं, तर फिटायचं राहिलेलं पुढच्या हंगामावर जातं. शिष्यवृत्ती त्यानंतर आली तरी तो पुढचा हंगाम परत मिळत नाही.

कागदपत्रांचंही तेच. नोव्हेंबरात एखाद्या तालुक्याच्या महा-ई-सेवा केंद्रात बसून पाहावं. मुलगी अर्ज भरते. आधारशी जोडलेला नंबर वडिलांचा. वडील कागलच्या बाजूला फडात. ती फोन लावते, रिंग जाते, उचलत नाहीत. हातात कोयता असणार. केंद्रवाला पुढच्याला घेतो. दुपारी जेवायच्या सुट्टीत वडिलांचा फोन येतो, ओटीपी सांगायला. तोवर त्याची मुदत संपलेली. पुन्हा पाठवा. वडिलांना वाचता येत नसेल तर शेजारच्या कोपीतल्या पोराला बोलवायचं. हे झालं की खातं आधारला जोडलंय का ते बघायचं. मग अर्ज कॉलेजच्या लिपिकाच्या लॉगिनला, तिथून प्राचार्यांच्या, तिथून जिल्ह्याला. कुठंतरी उत्पन्नाच्या दाखल्याची तारीख जुनी निघाली की परत. २०२१ पासून अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीतला केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि तो त्यानं कॉलेजला भरायचा असतो. संस्थाचालकांची तक्रार, पैसे घरखर्चात जातात. विद्यार्थ्यांची तक्रार, पैसे येण्याआधीच कॉलेज हॉलतिकीट अडवतं. दोन्ही तक्रारी खऱ्या असू शकतात.

शिष्यवृत्त्यांच्या महाडीबीटी या ऑनलाइन पोर्टलच्या बाजूनंही बोललं पाहिजे. २०१७च्या आधी शिष्यवृत्ती संस्थेच्या खात्यातून यायची आणि विद्यार्थ्याला ती किती आली, आली की नाही, हे कळायचा मार्ग नव्हता. आज मोबाईलवर अर्जाची अवस्था दिसते. गळती कमी झाली असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा खोडता येत नाही. प्रश्न गळतीचा उरलेला नाही, उशिराचा आहे. कारखान्यांचा गाळप हंगाम कधी सुरू होणार हे मंत्री समिती तारीख देऊन ठरवते; २०२५-२६ची तारीख १ नोव्हेंबर होती. शिष्यवृत्तीच्या हप्त्यांना अशी तारीख नसते.

चार भूमिका

पहिली भूमिका फीमाफीची. विद्यार्थी संघटना, शिक्षक संघटना आणि बरेच लोकप्रतिनिधी तिच्या बाजूनं असतात. त्यांचं म्हणणं, शिक्षक ही समाजाची गरज आहे, तेव्हा त्याच्या प्रशिक्षणाचा खर्च समाजानं करावा. आणि ‘फी शून्य’ हे गावातल्या बापाला एका वाक्यात समजतं. २०२४च्या निर्णयानं या बाजूला मोठं यश मिळालं. मुलगे मात्र निम्म्यावर राहिले, हा त्यांचा पुढचा मुद्दा.

दुसरी भूमिका निर्वाहाची: फी हा खर्चाचा लहान भाग आहे, पैसा वसतिगृह आणि भत्त्यावर घाला. ऊसतोड कामगारांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचा कल इकडं असतो. घरचे हंगामाला गेल्यावर मागं राहिलेल्या मुलीला सुरक्षित खोली मिळाली नाही तर तिला फडात न्यावं लागतं किंवा तिचं लग्न उरकलं जातं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. अडचण अशी की वसतिगृह बांधायला, चालवायला, वॉर्डन नेमायला वेळ लागतो. माफीचा शासन निर्णय एका दिवसात निघतो. ओबीसी-भटक्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात मुलांचं एक, मुलींचं एक, अशी ७२ वसतिगृहं जाहीर झाल्यानंतर ती प्रत्यक्षात यायला किती काळ गेला, हे या क्षेत्रातल्या कुणालाही विचारावं.

तिसरी भूमिका कर्जाची. पदवीचा फायदा घेणाऱ्यानं तिची किंमत पुढच्या पगारातून फेडावी, सरकारनं फक्त व्याज आणि हमी बघावी. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना याच विचाराची: तारणाशिवाय कर्ज, साडेसात लाखांपर्यंत ७५ टक्के पतहमी, आणि आठ लाखांच्या आतल्या कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत. पण ती राष्ट्रीय क्रमवारीतल्या संस्थांपुरती (मंजुरीवेळी ८६०) आहे. केज-माजलगावच्या बी.एड. कॉलेजाचा त्या क्रमवारीशी संबंध कसा यावा? शिवाय बँकेचा व्यवस्थापक विचारतो, ‘शिकून नोकरी कधी?’, आणि शिक्षकाच्या बाबतीत त्या प्रश्नाला कुणीच उत्तर देऊ शकत नाही. जिल्ह्यातल्या काही मल्टिस्टेट पतसंस्था २०२३ नंतर बुडीत निघाल्या आणि अनेक घरांची मुलांच्या शिक्षणासाठी ठेवलेली पुंजी त्यांत अडकली. तेव्हापासून बचतीचा आधारही डळमळीत आहे.

चौथी भूमिका उघडपणे फार कमी लोक घेतात, पण शिक्षण खात्यातले निवृत्त अधिकारी खासगीत हमखास बोलतात: आधी जागा कमी करा. नोकऱ्या नसताना हजारो पदव्यांवर सार्वजनिक पैसा घालणं म्हणजे तो पैसा संस्थाचालकांकडं वळवणं. फीची प्रतिपूर्ती जितकी हमखास, तितकं वर्ग रिकामा असलेलं कॉलेज टिकणं सोपं. यावर उत्तर दिलं जातं ते असं: जागा कमी झाल्या की पहिला फटका गावाजवळच्या कॉलेजला बसतो, आणि गावाजवळचं कॉलेज बंद झालं की मुलींचं शिक्षण थांबतं.

मला या चार भूमिकांत दुसरी सर्वांत कमी ऐकली गेलेली आणि बीडला सर्वांत लागू वाटते. पण तिच्यासाठी आंदोलनं कमी होतात, कारण ‘मेस’ ही घोषणा होत नाही.

एक पाचवी मागणी अधूनमधून डोकावते: शिकताना शाळेत केलेल्या कामाचे पैसे द्या. २०१४च्या नियमांप्रमाणं बी.एड.च्या विद्यार्थ्यानं वीस आठवडे शाळेत प्रत्यक्ष काम करायचं असतं, बिनपगारी. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून सहा महिन्यांसाठी पदवीधरांना महिना दहा हजार देऊन नेमलं, त्यातले अनेक जण जिल्हा परिषदेच्या शाळांत वर्ग सांभाळत होते. म्हणजे एकाच शाळेत, शेजारच्या वर्गात, शिक्षक होण्यासाठी शिकणारी मुलगी फुकट शिकवते आणि प्रशिक्षण न घेतलेला पदवीधर दहा हजार घेऊन शिकवतो, हे शक्य झालं. कोठारी आयोगाचं विद्यावेतन अशा आडवाटेनं परत आलं, फक्त चुकीच्या माणसाला.

एम.ए.च्या पुढं

पदव्युत्तर शिक्षणाची फी सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांत तुलनेनं कमी. नाशिकच्या मुक्त विद्यापीठानं नोकरी करत एम.ए. करणाऱ्यांची सोयही केलेली. खर्च वाढतो तो नेट-सेटच्या तयारीत, छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्यातल्या अभ्यासिकांच्या महिन्याच्या भाड्यात. संशोधनासाठी राज्याच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत; केंद्रानं जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधकाची रक्कम महिना ३७ हजार केली, त्याच धर्तीवर. सुरुवातीला अर्ज करणाऱ्या पात्र संशोधकांपैकी बऱ्याच जणांना त्या मिळत होत्या. २०२३ मध्ये राज्यानं समान धोरण आणून संस्थेमागं दोनशेची मर्यादा घातली आणि पुण्या-मुंबईत संशोधकांची उपोषणं सुरू झाली. सरकारचा युक्तिवाद: पैसा मर्यादित आहे, निवड गुणवत्तेवर व्हावी. संशोधकांचा: नोंदणीनंतर मध्येच नियम बदलले. याच्या तळाशी असलेला प्रश्न वेगळा आहे. प्राध्यापकभरती रखडल्यामुळं अधिछात्रवृत्ती शिक्षणाचा खर्च राहिली नाही, ती अनेकांची तात्पुरती नोकरीच झाली. ती संपली की तासिका तत्त्वावर.

न सुटलेलं

पदवीनंतरची वाट पाहण्याचा खर्च कोणत्याच योजनेत येत नाही. शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी), मग अभियोग्यता चाचणी, मग भरतीचं पवित्र पोर्टल. अभियोग्यता चाचणी २०१७ नंतर थेट २०२३ मध्ये झाली. मधल्या वर्षांचे क्लास, अर्जशुल्क आणि वय कुणी मोजलं नाही. नोकरी लागलीच तर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक. ते मानधन वर्षानुवर्षं प्राथमिकला सहा हजार होतं, २०२३ पासून सोळा हजार झालं. इथंच कर्जवाल्यांचा हिशेब बिघडतो.

नियमही पायाखालून सरकत राहतात. जून २०१८ मध्ये बी.एड.वाल्यांना पहिली ते पाचवी शिकवायची मुभा मिळाली, आणि ११ ऑगस्ट २०२३ला सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द ठरवली. पाच वर्षांत ज्यांनी त्या भरवशावर फी भरली, त्यांच्या खर्चाची जबाबदारी कुणाची, याचा विचार निकालानंतरच्या चर्चेत झाला नाही. डी.एल.एड.ला मात्र पुन्हा मागणी आली. सर्वोच्च न्यायालयाच्याच १ सप्टेंबर २०२५च्या निकालानं सेवेतल्या, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हायला सांगितलंय. क्लासवाल्यांच्या पाट्यांवर आता ‘सेवेतील शिक्षकांसाठी स्वतंत्र बॅच’ हे शब्द चढले आहेत.

राष्ट्रीय शिक्षण धोरणानं २०३० पर्यंत चार वर्षांचं एकात्मिक बी.एड. हे किमान ठरवलंय. त्याच धोरणात ग्रामीण भागातल्या हुशार मुलांसाठी खास शिष्यवृत्त्या आणि शिकून झाल्यावर त्यांच्याच भागात नोकरीत प्राधान्य, असंही म्हटलंय. ट्रेनिंग कॉलेजच्या जमान्याची आठवण करून देणारा हा भाग कोण राबवणार, केंद्र की राज्य, हे ठरलेलं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या शिक्षक-प्रशिक्षणाच्या नव्या नियमांच्या मसुद्यात चार वर्षांची पदवी किंवा एम.ए. असलेल्यांसाठी एक वर्षाचं बी.एड. परत आणण्याचा प्रस्ताव होता. एक वर्ष कमी म्हणजे घरातल्या कोयत्यावरची एक उचल कमी. पण त्यासाठी एम.ए.ची दोन वर्षं आधी घालवावी लागतात, आणि त्या दोन वर्षांच्या खोलीचं भाडं कुठल्या योजनेतून बसतं, हे विचारायला मुली आत्ताच समाजकल्याणच्या खिडकीशी येऊ लागल्या आहेत.